डावा आकडा पडला तेव्हा : महाधमनीच्या एका शस्त्रक्रियेत मेंदूवर ठेवलेली नजर

रुग्ण ६६ वर्षांचे गृहस्थ. वजन ७० किलो, रक्तदाबाची गोळी बरीच वर्षं चालू, सिगारेट सोडलेली. हृदयातून वर निघणारी महाधमनी ५.८ सेंटिमीटरपर्यंत फुगलेली आणि तो फुगवटा कमानीच्या तोंडापर्यंत पोचलेला. एओर्टिक झडप चांगली, कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या धमन्या, स्वच्छ. बेत असा : फुगलेला भाग काढून तिथे डेक्रॉनची (कृत्रिम धाग्याची) नळी बसवायची, कमानीचा खालचा काठ तिरका कापायचा आणि नळीचं वरचं टोक तिथे शिवायचं. याला हेमिआर्च म्हणतात. घाई नव्हती, सगळ्या तपासण्या शांतपणे झाल्या होत्या.

(हा कुणा एका माणसाचा केसपेपर नाही, शिकवण्यासाठी जुळवलेलं प्रकरण आहे. आकडे मात्र अशा शस्त्रक्रियांत नेहमी दिसतात त्याच पल्ल्यातले घेतले आहेत.)

अडचण मेंदूची असते. कमान शिवताना महाधमनीवर क्लॅम्प ठेवता येत नाही, ती उघडीच लागते. म्हणजे तेवढा वेळ शरीराचा रक्तपुरवठा बंद. मूत्रपिंडं, आतडी, पाय थंड केलेल्या अवस्थेत अर्धा तास निभावून नेतात. मेंदू नेत नाही. १९७५ साली ग्रिप आणि सहकाऱ्यांनी शरीर खोलवर थंड करून, रक्ताभिसरण पूर्ण थांबवून कमानीची शस्त्रक्रिया करता येते हे दाखवलं. त्या थंडीला मर्यादा असतात. मॅकलॉ यांनी १९९९ मध्ये मांडलेला हिशेब आजही तोंडपाठ केला जातो : ३७ अंशांवर मेंदू रक्ताविना ५ मिनिटं तग धरतो असं धरलं, तर ३० अंशांवर ९, २५ वर १४, २० वर २१ आणि १५ वर ३१ मिनिटं मिळतात. हेमिआर्चला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणून आता बहुतेक ठिकाणी शरीर २५-२८ अंशांपर्यंतच थंड करतात आणि मेंदूला वेगळा पुरवठा चालू ठेवतात. उजव्या खांद्याखालच्या ॲक्सिलरी धमनीला ८ मिलिमीटरची नळी शिवून हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या पंपाची धमनी-लाइन, म्हणजे रक्त शरीरात सोडणारी नळी, तिथे जोडायची. वेळ आली की इनॉमिनेट धमनीच्या (कमानीतून उजवा हात आणि डोक्याकडे जाणाऱ्या फांदीच्या) बुडाशी क्लॅम्प लावायचा, म्हणजे रक्त मानेतल्या दोन धमन्यांतून, पुढच्या उजव्या कॅरोटिडमधून आणि मागच्या उजव्या व्हर्टेब्रलमधून, थेट डोक्यात जातं.

उजव्या बाजूची सोय झाली. डावीला मिळतं ते विलिसच्या वर्तुळातून, म्हणजे कवटीच्या तळाशी धमन्यांनी एकमेकींशी धरलेल्या साखळीतून. ती साखळी अखंड असली तर.

तयारी

भूल देण्याआधी, प्राणवायूचा मास्क तोंडावर यायच्या आत, कपाळाच्या दोन्ही बाजूंना निर्सचे, म्हणजे प्रकाशाच्या मदतीनं मेंदूतल्या रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचे, सेन्सर चिकटवले गेले. क्रम महत्त्वाचा आहे. मास्क लावला की आकडा चढतो आणि मग खरी बेसलाइन कधीच कळत नाही. कपाळ स्पिरिटनं पुसून कोरडं केलं, सेन्सर भुवयांच्या वर आणि मध्यरेषेपासून दूर, कारण मधोमध हाडाखाली मोठी शीर असते. बेसलाइन आली उजवीकडे ६६, डावीकडे ६४.

हा आकडा नेमका कशाचा, हे माहीत नसताना तो वाचणारे बरेच असतात. ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश कातडी आणि हाड भेदून आत जातो, हे योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं. सेन्सरमध्ये एक दिवा आणि दोन डोळे असतात. जवळच्या डोळ्याला बहुतांशी कातडी-हाड दिसतं, लांबच्याला त्याखालचा मेंदूही. एकातून दुसरं वजा केलं की कपाळामागच्या थोड्या भागातल्या रक्तात प्राणवायू किती उरलाय त्याचा अंदाज मिळतो. त्या रक्तात शिरांचा वाटा साधारण पाऊणएक असतो. म्हणून हा आकडा पुरवठ्याचा नाही आणि खपाचाही नाही. दोघांचा हिशेब झाल्यावर हाती उरलेली शिल्लक आहे. आणि तीही फक्त कपाळामागची. डोक्याच्या मागच्या भागाबद्दल, लहान मेंदूबद्दल हे यंत्र अवाक्षर काढत नाही. पुढे याच ठिकाणी गाडी अडणार आहे.

शेजारी कपाळावरचा चार चॅनेलचा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची रेघ) लावला, दोन डावे, दोन उजवे. दोन्ही मनगटांत आणि मांडीत दाब मोजायला धमनीत बारीक नळी. नुसत्या बिसच्या आकड्यावर, म्हणजे ईईजीवरून यंत्रानं काढलेल्या भुलेच्या खोलीच्या आकड्यावर, भिस्त ठेवण्यात अर्थ नाही असं माझं मत आहे, निदान या शस्त्रक्रियेत तरी. थंड मेंदूचा ईईजी आपोआप मंदावतो आणि आकडा गडगडतो. त्यावरून भूल जास्त झाली की रक्त कमी पडलं हे ठरवता येत नाही. कच्च्या रेघा डोळ्यांसमोर असल्या आणि डावी-उजवी ताडून बघता आली तर गोष्ट वेगळी.

छाती उघडल्यावर सर्जननी महाधमनीवर निर्जंतुक पिशवीतला अल्ट्रासाउंड प्रोब थेट टेकवून कुठे चुना, कुठे गाठीसारखा मेद आहे ते पाहून घेतलं. बोटांनी चाचपून मऊ मेद कळत नाही आणि सुटतो तोच. कमानीच्या आतल्या वळणाला एक ३ मिलिमीटर जाडीचा थर दिसला, तो टाळायचा ठरला. जखमेत कार्बन डायऑक्साइडची बारीक नळी सोडली. हा वायू हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचून राहतो, आणि त्याचा बुडबुडा रक्तात गेलाच तर हवेच्या बुडबुड्यापेक्षा कितीतरी लवकर विरघळतो. या दोन्ही गोष्टींचा मॉनिटरवर काहीही मागमूस दिसत नाही. मेंदूची निम्मी राखण अशीच, कुठलाही आकडा न हलवता होते.

पंपावर

बायपास, म्हणजे रक्त हृदयाऐवजी पंपातून फिरवणं, सुरू झाल्याबरोबर दोन्ही आकडे ५८-५७ वर आले. नवीन रेसिडेंट इथे दचकतात. पंपाच्या नळ्यांतल्या पाण्यानं रक्त पातळ होतं, हिमोग्लोबिन खाली येतं, आकडा उतरतो. दोन्हीकडे सारखा उतरला आणि तिथेच थांबला तर फार काळजी नाही. थांबत नसेल, आणि मानेतला शिरांचा दाब चढत असेल, चेहरा निळसर सुजत असेल, तर वरच्या महाशिरेतली कॅन्युला (रक्त पंपाकडे नेणारी नळी) अडलीये का हे आधी बघायचं. धमनीचा दाब उत्तम दिसत असताना डोकं आतून तुंबलेलं असू शकतं.

इथे तसं काही नव्हतं. थंड करायला लागल्यावर मेंदूची भूक कमी झाली, शिल्लक वाढली. मूत्राशयाचं तापमान २६ अंश झालं तेव्हा उजवीकडे ७४, डावीकडे ७२. प्रोपोफॉल हे भुलेचं औषध चालू होतं, ईईजीवर बर्स्ट सप्रेशन : थोडी थरथर, मग सपाट रेघ, पुन्हा थरथर. दोन्हीकडे एकाच तालात. पूर्ण सपाट रेघ व्हायला सरासरी १८ अंशांच्या आसपास जावं लागतं, तेव्हा २६ वर ही थरथर अपेक्षितच होती.

डावी बाजू

इनॉमिनेटला क्लॅम्प, डाव्या हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीला क्लॅम्प, पंपाचा प्रवाह उतरवून किलोमागे मिनिटाला १० मिलिलिटर, म्हणजे ७००. उजव्या मनगटातला दाब ५४. कमान उघडली. घड्याळ चालू.

दुसऱ्या मिनिटाला डावा आकडा ६६. तिसऱ्याला ५७. चौथ्याला ४५. उजवा ७१ वर हलेना.

बेसलाइनपासून २० टक्के घसरण किंवा ५० च्या खाली जाणं ही हस्तक्षेपाची रूढ रेघ आहे. ६४ चे २० टक्के गेले की ५१ उरतात. आपण त्याच्याही खाली. पण मला विचाराल तर ही रेघ ओलांडायची वाट पाहायलाच नको होती. तिसऱ्या मिनिटाला ५७ हा आकडा एकटा पाहिला तर निरुपद्रवी आहे, बायपास सुरू होताना तोच होता. शेजारी ७१ ठेवून पाहिला की तो बोलायला लागतो. हिमोग्लोबिन दोन्ही बाजूंना तेच, तापमान तेच, कार्बन डायऑक्साइड तोच, भूल तीच. मग १४ चा फरक पडलाच कसा? फरक फक्त वाटेचा असू शकतो. दोन सेन्सर लावण्याचं सगळं मोल या एका वजाबाकीत आहे.

पुढचे प्रश्न भराभर विचारले गेले. सेन्सर निघालाय का? भूलतज्ज्ञांनी ड्रेपखाली हात घालून कडा दाबून पाहिल्या, चिकटलेला होता. ईईजी? डावीकडची थरथर विरळ होत चालली होती, दोन थरथरींमधली सपाट रेघ उजवीपेक्षा स्पष्ट लांब. म्हणजे सेन्सरचा भास नाही. डाव्या मनगटातला दाब? १२. सबक्लेव्हियन क्लॅम्प असताना त्या हाताला रक्त मिळतं ते वर्तुळाच्या मागच्या बाजूनं, डाव्या व्हर्टेब्रलमधून उलट खाली येऊन. तिथूनही फारसं येत नव्हतं.

पंप चालवणाऱ्या परफ्युजनिस्टनी प्रवाह किलोमागे १२ वर नेला. उजव्या मनगटातला दाब ६६ झाला. उजवा आकडा ७३. डावा ४४. वाट असती तर जोर लावून थोडं तरी रक्त पलीकडे गेलं असतं.

तोवर सर्जन कमानीच्या आत, डाव्या कॅरोटिडच्या तोंडाकडे बघत होते. साखळी चांगली असली की त्या तोंडातून लालभडक रक्त उलटं भरभरून येतं, इतकं की सक्शन लावावं लागतं. इथे काळपट रक्त कडेवर येऊन नुसतं साचत होतं.

कॅन्युला घालायची की नाही, हा निर्णय वाटतो तितका सरळ नाही. डाव्या कॅरोटिडमध्ये नळी सारणं म्हणजे तिच्या तोंडाशी असलेला मेद सोलून वर ढकलण्याचा धोका, हवा जाण्याचा धोका, आणि आधीच अपुऱ्या जागेत आणखी एक नळी. म्हणूनच सगळ्यांना सरसकट दोन्हीकडून पुरवठा द्यावा की एकाच बाजूनं, यावर वाद मिटलेला नाही. काम लांबणार असेल तर दोन्हीकडून, एवढ्यावर साधारण एकमत दिसतं. इथे काम लांबणार नव्हतं. अजून १५-१६ मिनिटं, असं सर्जन म्हणाले. पण २५-२६ अंशांना हिशेबात मिळतात ती १४, आणि त्यातली काही खर्च झालेली. थांबणं हिशेबात बसत नव्हतं.

फुगा असलेली कॅन्युला, जी एरवी हृदयाच्या शिरांतून कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवणारं द्रावण) द्यायला वापरतात, ती धमनी-लाइनच्या वाय-जोडावर लावली. पंपाचं रक्त तिच्या टोकातून बाहेर सांडू देऊन हवा काढली, कॅरोटिडचं तोंड रक्तानं भरू दिलं आणि मग ती आत सरकवली. आठवं मिनिट होतं. नवव्याला डावा ५५, दहाव्याला ६३, मग ६८. विरळ झालेली थरथर परत उजवीच्या तालात यायला आणखी थोडा वेळ लागला. शरीराचा पुरवठा एकूण २४ मिनिटं बंद होता. डावा मेंदू त्यातली साधारण ६ मिनिटं उपाशी होता, तोही पूर्ण नव्हे.

आधी कळलं असतं का? सीटी अँजिओग्राफी मानेपर्यंतच केलेली होती. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत स्कॅन वीतभर वर न्यायला काही हरकत नसते आणि न्यावाच. पण त्यावर फार विसंबू नये. चित्रात वर्तुळ पूर्ण दिसणं आणि प्रत्यक्षात त्यातून पुरेसं रक्त जाणं यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे तपासून पाहिलं गेलेलं आहे. चित्र सावध करतं. वाट चालू आहे की नाही हे क्लॅम्प लावल्यावरच कळतं.

गरम करताना

शिलाई संपली, हवा काढली, शरीराचा पुरवठा सुरू झाला. आता तापमान वाढवायचं. सगळ्यांना इथेच घाई होते, रक्तस्राव थांबवायचा असतो, दिवस संपत आलेला असतो. पण थंडीनं राखलेला मेंदू उष्णतेनं बिघडवण्याची ही हमखास जागा. २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना नेमक्या आहेत : ऑक्सिजनेटरमधून (पंपाच्या, रक्तात प्राणवायू भरणाऱ्या भागातून) निघणारं रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, ३० च्या पुढे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या रक्तातला फरक ४ अंशांच्या आत ठेवायचा, वेग मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त नको. कारण ऑक्सिजनेटरवरचं तापमान मेंदूचं खरं तापमान कमीच दाखवतं. मूत्राशय ३४ म्हणत असताना मेंदू बराच पुढे गेलेला असतो.

३३ अंशांवर दोन्ही आकडे घसरायला लागले. उजवा ५५, डावा ५४. पुन्हा वजाबाकी : फरक १. म्हणजे वाट नव्हे, अख्ख्या शरीराची काहीतरी बाब. दाब ६२, हिमोग्लोबिन ७.६. खोलीतून लगेच दोन सूचना आल्या, दाब चढवा आणि रक्त द्या.

दाबाबद्दल एक चाचणी लक्षात ठेवावी. डेन्मार्कमध्ये १९७ रुग्णांवर बायपासवरचा सरासरी दाब ४०-५० विरुद्ध ७०-८० असा ताडून पाहिला. निकाल २०१८ मध्ये आला. शस्त्रक्रियेनंतरच्या एमआरआयवर मेंदूत नव्या जखमा दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक रुग्णांना होत्या आणि गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तिथे पंपाचा प्रवाह ठरलेला होता आणि दाब औषधानं रक्तवाहिन्या आवळून वाढवला होता. यावरून दाब कसाही चालतो असा अर्थ कुणी काढू नये, प्रत्येकाच्या मेंदूची खालची मर्यादा वेगळी असते आणि जुन्या रक्तदाबवाल्यांची वर सरकलेली असू शकते. पण नॉरॲड्रेनॅलिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधाचा, वेग वाढवणं हे पहिलं उत्तर नव्हे, एवढं खरं.

रक्तवायूंचा अहवाल आला तेव्हा कार्बन डायऑक्साइड ३१ होता. शरीर गरम होताना जास्तीचा वायू काढायला म्हणून पंपावरचा गॅसचा प्रवाह वाढवला होता, तो जरा जास्तच झाला. कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. गॅस कमी केला, पुढच्या नमुन्यात ३९ आला आणि आकडे ६२-६१ वर चढले. रक्ताची पिशवी फ्रीजमध्येच राहिली. हा क्रम, म्हणजे डोक्याची आणि कॅन्युलांची जागा, दाब, प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन आणि मग बाकीचं, डेनॉल्ट यांच्या २००७ च्या मांडणीतून आलेला आहे. भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. निर्स लावल्यानं स्ट्रोक कमी होतात असं चाचण्यांतून ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि त्याचं एक कारण मला हेच वाटतं की यंत्र सगळीकडे लागतं, त्यामागचा क्रम सगळीकडे पाळला जात नाही.

दुसरी रात्र आणि पाचवा दिवस

आयसीयूत ५ तासांनी ते जागे झाले. दोन्ही हात, दोन्ही पाय हलवले, सांगितलेलं ऐकलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

दुसऱ्या रात्री बिनसलं. लाइन ओढणं, नर्सला भलत्याच नावानं हाक मारणं, मध्येच गप्प पडून छताकडे बघणं. डिलिरियम, म्हणजे तात्पुरता भ्रम. सीटी स्वच्छ आला. चष्मा लावला, झोपेच्या वेळी दिवे मंद केले, गुंगीची औषधं टाळली, मुलीला जवळ बसू दिलं. दीड दिवसात निवळलं. ईईजी बघून भूल हलकी ठेवली असती तर हे टळलं असतं का, असा प्रश्न हमखास येतो. हृदयशस्त्रक्रियेच्याच १,१४० वयस्क रुग्णांवर कॅनडात झालेल्या चाचणीत, निकाल २०२४ चा, दोन्ही गटांत डिलिरियम १८ टक्क्यांच्या आसपासच राहिला.

पाचव्या दिवशी मुलीनं एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याच चार्टवर नव्हती. वडील वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात तेव्हा ओळीच्या शेवटचे शब्द गाळतात. तपासल्यावर दृष्टीचा उजवीकडचा खालचा चतकोर गेलेला निघाला. हृदयाची गती सांभाळायला लावलेल्या पेसिंगच्या तारा काढल्या होत्याच, एमआरआय झाला. तीन बारीक ताज्या जखमा : दोन उजव्या लहान मेंदूत, एक डावीकडे मागे, दृष्टीच्या भागात. दोन धमन्यांच्या सीमेवरच्या, रक्त कमी पडल्यानं होतात तशा नव्हेत. गुठळी, मेद किंवा हवा जाऊन अडकते तशा. आणि तिन्ही कपाळापासून दूर.

एमआर अँजिओग्राफीत साखळीही दिसली. दोन्ही पुढच्या धमन्यांना जोडणारा दुवा नव्हता. डावी मागची धमनी, जी एरवी मानेमागून येणाऱ्या व्हर्टेब्रलच्या रक्तावर जगते, ती इथे गर्भावस्थेतल्यासारखीच डाव्या कॅरोटिडमधून निघालेली. म्हणजे डाव्या अर्ध्या मेंदूला कॅरोटिडखेरीज दुसरी वाटच नव्हती. चौथ्या मिनिटाच्या ४५ चा उलगडा झाला.

त्याच चित्रातून दुसरंही निघतं. दृष्टीच्या भागातल्या त्या जखमेला रक्त डाव्या कॅरोटिडमधूनच येत होतं. लहान मेंदूतल्या दोन जखमा व्हर्टेब्रलच्या वाटेनं आल्या, त्यांचा कॅन्युलाशी संबंध नाही. तिसरी मात्र पुरवठा सुरू करतानाच्या हवेची असू शकते, कमानीतल्या त्या ३ मिलिमीटरच्या थराचा कण असू शकते किंवा आठव्या मिनिटाला सारलेल्या कॅन्युलानं ढकललेली असू शकते. ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर (कवटीबाहेरून मेंदूच्या धमन्यांतला प्रवाह ऐकवणारा अल्ट्रासाउंड) लावलेला असता तर कण जाताना टिकटिक ऐकू आली असती, आणि निदान वेळ तरी कळली असती. तो लावला नव्हता. बहुतेक थिएटरांत लावत नाहीत, कारण तासन्‌तास प्रोब जागेवर धरून ठेवायला माणूस लागतो.

प्रकरण विभागात मांडलं तेव्हा एका वरिष्ठ सर्जननी विचारलं, मग ती नळी घालायला हवी होती का? माझं उत्तर हो असं आहे. एका बाजूला दृष्टीचा चतकोर, दुसऱ्या बाजूला २६ अंशांवर जेमतेम रक्त मिळणारा अख्खा डावा गोलार्ध, वाचा आणि उजवा हात धरून, २० मिनिटांहून अधिक. बदलायचं असेल तर नळी घालण्याची रीत बदलावी. कॅरोटिडच्या तोंडावरही आधी अल्ट्रासाउंड प्रोब फिरवून घ्यावा, आणि वाय-जोड व भरलेली कॅन्युला कमान उघडण्याआधीच टेबलावर तयार असावी, म्हणजे शोधाशोधीत गेलेली मिनिटं वाचतील आणि घाईत नळी रेटली जाणार नाही.

तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा स्मरणशक्तीची चाचणी शस्त्रक्रियेआधीच्या पातळीवर होती. दृष्टीचा चतकोर लहान झालाय, गेलेला नाही. ओळीच्या शेवटी बोट ठेवून वाचायची सवय त्यांनी लावून घेतलीये. गाडी चालवायला नेत्रतज्ज्ञांनी अजून परवानगी दिलेली नाही.